पार्टीत चार जण ठरलेत, मग पाचवा क्लास कोणता घ्यावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातला दर रविवारी जमणारा ग्रुप डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांनी, पात्रं रंगवून खेळायच्या खेळाची पाचवी आवृत्ती २०१४च्या नियमांनी खेळतो. (क्लास म्हणजे पात्राचा पेशा.) चार पात्रं तिसऱ्या लेव्हलला पोचली आहेत: चेन मेल (साखळ्यांचं जड चिलखत) आणि ढाल घेतलेला फायटर, जखमा भरणारी लाइफ डोमेनची क्लेरिक (तिच्याही अंगावर चेन मेलच, हाती ढाल), रोग (Rogue) क्लासचा चोर आणि जादूगार विझर्ड. आता पाचवा खेळाडू येतोय आणि तो अगदी नवा आहे. डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) मोहीम सह्याद्रीसारख्या मुलखात बेतली आहे. घाटवाटा, रान, चौक्यापहारे आणि एकेक करून ताब्यात घ्यायचे गड. चौघांची घडी नीट बसलेली असताना पाचव्याने काय व्हावं?

माझं उत्तर ड्रुइड, म्हणजे निसर्गाची जादू करणारा आणि प्राण्यांचं रूप घेणारा. त्यातही सर्कल ऑफ द लँड ही शाखा, आणि जमीन ग्रासलँड (गवताळ). मोहीम शहरात किंवा दरबारात घडणार असती तर बार्ड (गाण्या-बोलण्यातून जादू करणारा) सुचवला असता. ‘पाचवा कोण?’ या प्रश्नाला बहुतेक अनुभवी खेळाडू बार्ड हेच उत्तर देतात. ते उत्तर चांगलं आहे, पण मोहीम न बघता दिलेलं असतं.

१९७४ साली हा खेळ आला तेव्हा त्यात तीनच क्लास होते: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक. १९७५च्या पुरवणीत चोर आला आणि चौकडी पुरी झाली. पुढे उभं राहून वार झेलणं, जखमा भरणं, कुलपं-सापळे-टेहळणी बघणं आणि लांबून अनेकांना एकदम आवरणं, ही चार कामं तेव्हापासून चालत आली आहेत आणि तुमच्या चौघांनी ती वाटून घेतली आहेत. म्हणून ‘आपल्यात काय नाही’ असं शोधायला गेलात की हाती फारसं लागत नाही. करिश्मा (लोकांवर छाप पाडायची ताकद) कुणाचाच धड नाही एवढं दिसतं आणि लगेच बार्डवर बोट जातं. त्याऐवजी असं विचारा: यातलं कुठलं काम एकाच माणसावर टांगलेलं आहे, आणि तो माणूस आडवा झाला किंवा त्या रविवारी आलाच नाही तर काय होतं?

आणि तो येत नाही, हे धरूनच चालायला हवं. कुणाचं हिंजवडीत रिलीज अडकतं, कुणाकडे पाहुणे येतात, गणपतीच्या दिवसांत तर दहा दिवस कुणाचाच भरवसा नसतो. पाच जणांच्या ग्रुपमध्ये चौघं हजर असणं हीच खरी सरासरी परिस्थिती असते. मग पाचवं पात्र असं हवं की चौघांपैकी कुणीही गैरहजर असला तरी सेशन रद्द करावं लागू नये.

ड्रुइडला या कसोटीवर लावून बघा. क्लेरिक नसेल तर हीलिंग वर्ड, क्युअर वूंड्स आणि गुडबेरी ही बरं करणारी स्पेल (जादूचे मंत्र) त्याच्याकडे आहेतच. विझर्ड नसेल तर एन्टँगल आणि स्पाइक ग्रोथने तो मैदान अडवतो. चोर नसेल तर मांजर किंवा उंदीर होऊन तो टेहळणी करतो. कुलपांचं काय, ते खाली पात्र बांधताना सांगतो. फायटर नसेल तेव्हा मात्र तो कमी पडतो. लांडगा झाला तर ११ हिट पॉइंटचं (किती मार सोसता येतो तो आकडा) जादा कवच मिळतं, दोनदा झाला तर २२, पण फायटरची १८ एसी (आर्मर क्लास, म्हणजे वार लागू न देण्याचा आकडा) त्यातून येत नाही. त्या दिवशी क्लेरिकने पुढे उभं राहायचं आणि ड्रुइडने मागून तिला सांभाळायचं. तिची एसीही १८च असल्यामुळे हे निभतं. बार्ड क्लेरिकची जागा घेतो, चोराचीही बरीचशी घेतो, विझर्डची थोडी, फायटरची जवळजवळ नाही. म्हणजे इथे दोघांमध्ये फार अंतर नाही. खरं अंतर पडतं ते लपतछपत जाण्यात, आणि गड घ्यायच्या मोहिमेत हेच सारखं करावं लागणार आहे.

आता हे नीट बघा, कारण पाचवा माणूस आल्याने एक गोष्ट चक्क बिघडते आणि ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. गटाने मिळून करायच्या चेकचा (फासा टाकून यश ठरवण्याचा) नियम असा की निम्मे किंवा जास्त जण यशस्वी झाले तर सगळा गट यशस्वी. चौघांत दोघं पुरतात. पाचात निम्मे म्हणजे अडीच, त्यामुळे तिघं लागतात. प्रत्येकाची शक्यता ५० टक्के धरली तर चौघांचा गट सुमारे ६९ टक्के वेळा पार होतो आणि पाचांचा बरोबर ५० टक्के वेळा.

तुमच्याच पार्टीचे आकडे घालू. समोर पहारेकरी, त्याचं पॅसिव्ह परसेप्शन (न शोधताही जाणवण्याचा आकडा) १२; फासा अधिक भर तेवढी तरी व्हायला हवी. चोराचं स्टेल्थ (लपण्याचं कौशल्य) एक्सपर्टीज (दुप्पट प्रावीण्य) धरून +७, त्याला डी२०वर (वीस बाजूंच्या फाशावर) ५ किंवा जास्त हवेत, म्हणजे ८० टक्के. विझर्डची डेक्स्टेरिटी (चपळाई) १४ धरली तर +२, त्याचे ५५ टक्के. फायटर आणि क्लेरिक दोघांची डेक्स्टेरिटी १० धरू. चेन मेलमुळे दोघांना डिसअ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे दोन फाशांतला लहान आकडा धरायचा. त्यांना १२ हवेत, एका फाशावर ४५ टक्के, दोन्हीवर मिळून फक्त २० टक्के. या चौघांचा गट ६१ टक्के वेळा निसटतो.

यात स्टेल्थ +४ असलेला बार्ड आणा. त्याची स्वतःची शक्यता ६५ टक्के, विझर्डपेक्षाही चांगली. तरी गटाची शक्यता ६१वरून ४६वर घसरते. चेन मेलमधला पॅलाडिन आणलात तर २७वर येते. हाती तलवार वाढली आणि गडाच्या दरवाजापर्यंत पोचण्याची आशा निम्म्याहून कमी झाली, असा तो व्यवहार होतो.

ड्रुइड आला की तिसऱ्या लेव्हललाच पास विदाउट ट्रेस मिळतं. त्याला दुसऱ्या लेव्हलचा स्लॉट लागतो (स्लॉट म्हणजे स्पेल टाकायचा दिवसाचा ठरलेला वाटा; स्पेलच्या लेव्हल पात्राच्या लेव्हलपेक्षा वेगळ्या), एक तासापर्यंत टिकतं, आणि ड्रुइडपासून ३० फुटांच्या आत असलेल्या, त्याने निवडलेल्या प्रत्येकाला स्टेल्थवर +१०. आता चोराचं +१७, विझर्डचं +१२, ड्रुइडचं स्वतःचं +१४. चेकमध्ये १ पडला म्हणून आपोआप अपयश येत नाही, ते फक्त हल्ल्याच्या रोलला असतं. म्हणजे विझर्डला १ पडला तरी बेरीज १३. तिघं पक्के पार, आणि पाचात तिघंच लागतात. फायटर आणि क्लेरिकने काहीही टाकलं तरी गट सुटतो. ४६ टक्क्यांचे सरळ शंभर होतात.

तुमचा डीएम गटाचा चेक न घेता ‘प्रत्येकाने स्वतंत्र रोल करा, एक जरी दिसला तरी शिट्टी वाजली’ असं चालवत असेल तर फरक आणखी मोठा आहे. बार्ड असलेली पार्टी पाचही जण न दिसता जाण्याची शक्यता जेमतेम १ टक्का. ड्रुइडच्या स्पेलखाली तीच ८१ टक्के. पहिल्याच सेशनला डीएमला विचारून घ्या की तो कुठली पद्धत वापरतो.

स्पेलशिवाय यावर दुसरा उपाय चिलखतं उतरवून जाण्याचा. त्याने बार्डवाल्या पार्टीची शक्यता ६५ टक्क्यांवर येते, हे वाईट नाही. पण हेवी आर्मर काढायला ५ मिनिटं आणि चढवायला १० मिनिटं लागतात. आत गेल्यावर झटापट झाली तर तुमचे दोन्ही पुढचे मोहरे ढाल धरूनही १२ एसीवर उभे असतील.

हेच स्पेल आणखी कुणाकडे मिळतं तेही सांगतो, म्हणजे निवड डोळसपणे होईल. रेंजरला ते मिळतं, पण पाचव्या लेव्हलला. तोवर तुमचे दोनतीन गड होऊन जातील. वे ऑफ शॅडोचा मंक तिसऱ्या लेव्हलला दोन ‘की’ (मंकच्या शक्तीचे पॉइंट) खर्चून ते करतो, आणि नव्या खेळाडूला मंक समजायला सोपाही जातो. पण त्याच्याकडे तीनच ‘की’ असतात आणि दुसऱ्याला बरं करायला काही नसतं, त्यामुळे क्लेरिक पडली की पार्टी पडली हा धोका तसाच राहतो. ट्रिकरी डोमेनच्या क्लेरिकलाही ते मिळतं, मात्र त्यासाठी चालू पात्र बदलायला सांगणं मला पटत नाही.

बाकीच्यांचं पटकन. बार्बेरियन आणि दुसरा फायटर लढाईत कामाला येतील, पण लढाईत तुमची पार्टी कमजोर नाही. सॉर्सरर म्हणजे याच पार्टीत विझर्डचं दुसरं, अरुंद रूप. वॉरलॉक चांगला आहे, पण त्याचे दोन स्लॉट संपले की तो एका तासाच्या विश्रांतीकडे डोळे लावून बसतो आणि शत्रूच्या गडात तो तास मिळत नाही. पॅलाडिनची मोठी देणगी म्हणजे दहा फुटांतल्या सगळ्यांच्या सेव्हला (वाईट परिणाम टाळायच्या रोलला) मिळणारा करिश्म्याचा आधार. तो सहाव्या लेव्हलला येतो, तुम्ही तिसऱ्यावर आहात. मोहीम भुताखेतांची किंवा ड्रॅगनची असती आणि सहाव्या लेव्हलपासून सुरू होत असती, तर पॅलाडिनच पहिला. बार्डबद्दल एवढंच: त्याच्या जॅक ऑफ ऑल ट्रेड्सचं (न शिकलेल्या कौशल्यांतही मिळणारी भर) फार कौतुक होतं, पण आठव्या लेव्हलपर्यंत त्यातून फक्त +१ मिळतो, आणि करिश्मा १६ असेल तर पाचव्या लेव्हलपर्यंत इन्स्पिरेशन (सोबत्याच्या रोलला द्यायची भर) दिवसातून तीनदाच. बोलण्याची बाजू तो एकहाती सांभाळतो, ही त्याची खरी ताकद. तुमच्या मोहिमेत बोलायचं ते गावच्या पाटलाशी, वाटाड्याशी, एखाद्या फितवायच्या किल्लेदाराशी. तेवढं चोर करेल.

आता पात्र बांधू.

वंश वुड एल्फ: डेक्स्टेरिटी +२, विस्डम +१, परसेप्शन आपोआप, अंधारात ६० फूट दिसतं, चाल ३५ फूट. स्टँडर्ड ॲरेचे (नियमांत ठरवून दिलेले) सहा आकडे असे लावा: विस्डम १५ अधिक १ म्हणजे १६, डेक्स्टेरिटी १२ अधिक २ म्हणजे १४, कॉन्स्टिट्यूशन १४, करिश्मा १३, इंटेलिजन्स १०, स्ट्रेंग्थ ८. तिसऱ्या लेव्हलला सरासरीने २४ हिट पॉइंट होतात. पार्श्वभूमी अर्चिन घ्या. अनाथ पोर आणि रानातला ड्रुइड ही जोडी कथेतही सहज बसते, आणि तीतून स्टेल्थ, स्लाइट ऑफ हँड आणि थीव्ह्ज टूल्स मिळतात. चोर गैरहजर असलेल्या रविवारी कुलूप उघडणारा हात तो हाच. क्लासच्या दोन कौशल्यांत सर्व्हायव्हल आणि इन्साइट घ्या.

चिलखताची एक गोम आहे. ड्रुइड धातूचं चिलखत आणि धातूची ढाल वापरत नाहीत. सुरुवातीला लेदर मिळतं, ते विकून १० सोन्याच्या नाण्यांचं हाइड आर्मर घ्या. १२ अधिक डेक्स्टेरिटीचे २, अधिक लाकडी ढालीचे २, म्हणजे १६ एसी, आणि हाइडने स्टेल्थला डिसअ‍ॅडव्हान्टेज येत नाही. पुढे डीएमच्या खजिन्यात जादूचं हाफ प्लेट निघालं तर ते ड्रुइडसाठी नाही हे आधीच माहीत असू द्या.

या लेव्हलला विस्डमचे ३ आणि लेव्हलचे ३ मिळून सहा स्पेल तयार ठेवता येतात. नव्या खेळाडूने पहिले महिनाभर ही सहा बदलूच नयेत: हीलिंग वर्ड, गुडबेरी, एन्टँगल, फेअरी फायर, स्पाइक ग्रोथ, मूनबीम. ग्रासलँडमुळे इन्व्हिजिबिलिटी आणि पास विदाउट ट्रेस ही दोन कायमची तयार असतात, सहात धरली जात नाहीत. ग्रासलँड सुचवण्याचं कारण हेच. डोंगराळ मुलूख म्हणून माउंटन घ्यावंसं वाटेल, पण त्यात तिसऱ्या लेव्हलला मिळतात स्पायडर क्लाइंब आणि स्पाइक ग्रोथ, आणि मग पास विदाउट ट्रेस सहाच्या यादीत बसवावं लागतं. कँट्रिप (स्लॉट न लागणारी छोटी स्पेल) तीन: गायडन्स, थॉर्न व्हिप, प्रोड्यूस फ्लेम.

स्लॉट पहिल्या लेव्हलचे चार आणि दुसऱ्याचे दोन. लँडच्या ड्रुइडला दिवसातून एकदा छोट्या विश्रांतीत दोन लेव्हलइतके स्लॉट परत मिळतात, म्हणजे दुसऱ्या लेव्हलचा एक. पास विदाउट ट्रेससाठी दिवसाला कमाल तीन स्लॉट. जाताना एक, येताना एक, आणि एक चुकीसाठी, असा हिशेब ठेवला तर पुरतो.

चुका कुठे होतात? जवळजवळ सगळ्या कॉन्सन्ट्रेशनपाशी, म्हणजे स्पेल चालू ठेवायला लागणाऱ्या एकाग्रतेपाशी. ड्रुइडच्या यादीतले बहुतेक चांगले स्पेल कॉन्सन्ट्रेशनचे आहेत आणि एका वेळी एकच चालतं. एन्टँगल, फेअरी फायर, स्पाइक ग्रोथ, मूनबीम, इन्व्हिजिबिलिटी, पास विदाउट ट्रेस, सगळी त्यात आली. सर्वांत घातक ठरतं गायडन्स. ते साधं कँट्रिप म्हणून सहज वापरलं जातं, पण तेही कॉन्सन्ट्रेशनचंच. चोर कुलपाशी बसलाय, ड्रुइड प्रेमाने म्हणतो ‘गायडन्स घे’, आणि त्याच क्षणी पाचही जणांवरचं +१० गळून पडतं. गुपचूप जाताना गायडन्स द्यायचं ते क्लेरिकने, तिच्या यादीतही ते आहे. ड्रुइडला फक्त पडदा धरू द्या.

दुसरी चूक, प्राणी होऊन लढाईत रमण्याची. प्राण्याच्या रूपात आधीचं कॉन्सन्ट्रेशन टिकतं, पण नवं स्पेल टाकता येत नाही. क्लेरिक बेशुद्ध पडली आणि ड्रुइड लांडगा होऊन कोपऱ्यात चावतोय, तर तिला उठवायला आधी बोनस ॲक्शनने (टर्नमध्ये एकदाच मिळणारी छोटी जादा कृती) माणूस व्हावं लागतं, आणि हीलिंग वर्डही बोनस ॲक्शनच. म्हणजे एक फेरी गेली. या पार्टीत ड्रुइड ठेवण्याचं निम्मं कारण क्लेरिकला उठवणारा दुसरा माणूस हे आहे, ते वाया घालवू नका. ६० फुटांवरून १डी४ (चार बाजूंचा एक फासा) अधिक ३ एवढंच बळ येतं, पण उठण्यासाठी एक हिट पॉइंटही पुरतो. त्याच वेळी हेही लक्षात ठेवा: बोनस ॲक्शनने स्पेल टाकलं की त्या टर्नला ॲक्शनने फक्त कँट्रिप टाकता येतं. हीलिंग वर्ड अधिक एन्टँगल अशी जोडी नियमात बसत नाही. हीलिंग वर्ड अधिक थॉर्न व्हिप बसते.

थॉर्न व्हिपवरून आठवलं, या पात्राची लढाईतली सर्वांत चांगली चाल हीच आहे. अरुंद वाटेवर स्पाइक ग्रोथ पसरा. २० फूट त्रिज्या, आतून दर ५ फूट सरकणाऱ्याला २डी४ इजा. मग पुढच्या टर्नला पलीकडच्या काठावरच्या ओगरला (धिप्पाड राक्षसाला) थॉर्न व्हिपने १० फूट स्वतःकडे ओढा. व्हिपचे १डी६ आणि काट्यांचे ४डी४, मिळून सरासरी साडेतेरा, आणि स्पेलचा स्लॉट तोच जुना. चाबकाची पोच ३० फूटच आहे, त्यामुळे काटे फार लांब पसरवू नका. दुसरी अडचण आपल्याच माणसांची. फायटर सवयीने पुढे धावतो आणि काट्यांत शिरतो. काटे पसरायच्या आधी ‘मी इथे काटे टाकतोय, कुणाला पुढे जायचंय का?’ हे मोठ्याने विचारायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

गुडबेरीबद्दल एक गैरसमज पसरलेला आहे. लाइफ क्लेरिकची जादा बरं करण्याची ताकद ड्रुइडच्या बोरांना लागत नाही. ती फक्त तिने स्वतः टाकलेल्या स्पेलला लागते. बोरं दहा, प्रत्येकी एक हिट पॉइंट, २४ तास टिकतात. रात्री झोपण्यापूर्वी पहिल्या लेव्हलचे जे स्लॉट उरलेत त्यांची बोरं करून ठेवा. सकाळी स्लॉट भरलेले आणि प्रत्येकाच्या खिशात बोरं.

आता कडा. तानाजी मालुसऱ्यांनी १६७० साली कोंढाणा घेतला त्याच्याशी जोडलेली घोरपडीची आख्यायिका तुमच्या टेबलावर कुणी ना कुणी काढणारच, आणि या नियमांत ती खरोखर करता येते. तिसऱ्या लेव्हलच्या ड्रुइडला चॅलेंज रेटिंग (ताकदीचा आकडा) पाव पर्यंतचा, न उडणारा आणि न पोहणारा, पूर्वी पाहिलेला प्राणी होता येतं, एक तासासाठी. जायंट लिझर्ड त्यात बसतो: १९ हिट पॉइंट, चढायची गती ३० फूट. दोर मात्र रूप बदलल्यावर दुसऱ्याने कमरेला बांधायचा. आधी बांधलात तर तो अंगावरच्या सामानाबरोबर रूपात विरून जाऊ शकतो. भिंत अगदी गुळगुळीत असेल तर जायंट वुल्फ स्पायडर व्हा. त्याला चढायला रोल लागत नाही आणि स्टेल्थ +७ आहे.

पण इथेच वर सांगितलेल्या पडद्याचा घोळ होतो. पास विदाउट ट्रेसचा पल्ला ड्रुइडपासून ३० फूट. ड्रुइड ४० फुटांच्या तटावर पोचला की खाली उभे असलेले फायटर आणि क्लेरिक पल्ल्याबाहेर, तेही नेमके चेन मेल खुळखुळवत. म्हणून चोर हजर असेल तर दोर घेऊन आधी चोराला पाठवा. त्याला +१०ची गरज सर्वांत कमी आहे, आणि विझर्डकडे इन्व्हिजिबिलिटी असेल तर ती त्याच्यावर टाका. ड्रुइडने स्वतःची टाकू नये, पडदा जाईल. ड्रुइड मधल्या क्रमांकाने चढतो. घोरपड ठेवा चोर नसलेल्या रविवारसाठी, किंवा तट ३० फुटांहून कमी असेल तेव्हासाठी.

नवा खेळाडू आणि ड्रुइड ही जोडी अवघड म्हणतात ते खरं आहे. अवघड असतं ते शंभर पानं उलटून स्पेल शोधणं आणि प्राण्यांचे आकडे शोधणं. त्यावर इलाज सोपा आहे. अप्पा बळवंत चौकातून कार्डशीट आणा, तळहाताएवढे तुकडे कापा. आठ स्पेल, तीन कँट्रिप, चार प्राणी (मांजर, लांडगा, जायंट लिझर्ड, जायंट वुल्फ स्पायडर), अशी पंधरा कार्डं मराठीत लिहून काढा. प्रत्येक कार्डावर चारच ओळी: ॲक्शन की बोनस ॲक्शन, पल्ला, काय होतं, आणि कॉन्सन्ट्रेशन असेल तर वर उजव्या कोपऱ्यात लाल ठिपका. टेबलावर एका वेळी एकच लाल ठिपक्याचं कार्ड उताणं ठेवायचं. हा एक नियम पाळला की वरच्या निम्म्या चुका होतच नाहीत. प्राण्यांचे थवे बोलावणारी स्पेल पुढे मिळू लागतील तेव्हा ती घेऊ नका. आठ लांडग्यांच्या आठ टर्नमध्ये बाकीचे चौघं मोबाइल काढून बसतात.

क्लेरिकलाही एक बदल करावा लागेल. ब्लेस (हल्ल्याच्या आणि सेव्हच्या रोलला १डी४ जोडणारं स्पेल) तिघांवरच पडतं. चौघांत एक जण उरायचा, आता दोघं उरतील. पाचही जणांना द्यायचं तर तिसऱ्या लेव्हलचा स्लॉट लागतो आणि तो पाचव्या लेव्हलला येतो. तोवर ब्लेस फायटर, चोर आणि क्लेरिक यांनाच द्या. ड्रुइड आणि विझर्ड बहुतेक वेळा शत्रूलाच सेव्ह करायला लावतात, त्यांना हल्ल्याच्या रोलवरच्या १डी४चा उपयोग कमी.

डीएमसाठी शेवटचं. तिसऱ्या लेव्हलच्या चौघांसाठी मध्यम चकमकीचा उंबरठा ६०० एक्सपी (अनुभवाचे गुण), पाचांसाठी ७५०. सहा गॉब्लिन (बुटके राक्षस) म्हणजे ३००, संख्येमुळे दुप्पट धरून ६००. चौघांना ही मध्यम चकमक होती, पाचांना सोपी झाली. एकच गॉब्लिन वाढवा: सातांना गुणक अडीच लागतो, ८७५ होतात आणि चकमक पुन्हा मध्यम. २०२४च्या नियमांत हा गुणक काढून टाकलाय, तेव्हा दोन्हींचे तक्ते मिसळू नका. एकटा दांडगा शत्रू मात्र पाचांपुढे टिकत नाही. ५९ हिट पॉइंटचा ओगर एकदा हाणतो तेवढ्यात याच्या अंगावर पाच टर्न येतात. त्याचे हिट पॉइंट फुगवत बसू नका, सोबत चार गॉब्लिन द्या आणि त्यातले दोन तटावर धनुष्य घेऊन बसवा. नवा ड्रुइड पहिल्या लेव्हलपासून चढवू नका, बाकीच्यांबरोबर तिसऱ्यालाच आणा. पहिल्या सेशनला त्याला एक पहाऱ्याची चौकी, एक रान आणि एक लढाई मिळेल असं बघा, म्हणजे पंधरापैकी निम्मी कार्डं त्याच दिवशी हाताखालून जातील.